सर्जाचे पाय

आजोळी गेलेल्या भाचीने मामाकडे काय मागावे, याचे काही संकेत ठरलेले आहेत. साडी मागावी, इंद्रायणी तांदळाचे पायलीभर मागणे करावे, फार तर परसातल्या फणसावर हक्क सांगावा. मी १९८३ सालच्या मे महिन्यात मेढ्याला गेले आणि मामांकडे त्यांच्या मेलेल्या बैलाची हाडे मागितली.

मामा ओटीवर सुपारी कातरीत बसले होते. अडकित्ता थांबला. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग शांतपणे म्हणाले, "सर्जाला आमी पुरलाय, पोरी. टाकला न्हाय."

हे उत्तर का आले, ते शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला समजावून सांगायला नको. सर्जा चौदा वर्षे मामांच्या औताला होता. गावठी जातीचा, ठेंगणा, पण वेण्णेच्या काठच्या भातखाचरांतला चिखल त्याच्यापुढे हरत असे. आदल्या वर्षी बेंदूर झाला आणि आठवड्याभरात तो बसला, तो उठला नाही. गिऱ्हाईक आले होते. मामांनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवले. बांधाच्या कडेला खड्डा काढला, मीठ घातले, शिंगांना बेंदराचा हिंगूळ तसाच असलेला बैल मातीआड केला, आणि त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. त्या बैलाची हाडे उकरून पुण्याला न्यायची म्हणे! भाची शिकून शहाणी झाली की वेडी, असा प्रश्न मामांना पडला असल्यास नवल नाही.

माझ्या वेडाचे कारण होते इनामगाव.

पुण्याच्या पूर्वेस ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या तीरावर हे गाव आहे. तेथल्या पांढरीत डेक्कन कॉलेजने १९६८ साली उत्खनन सुरू केले, ते १९८३ पर्यंत चालले. डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. मधुकर ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी या त्रयीचे हे काम. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. एवढ्या विस्तृत प्रमाणावर खणलेले त्या काळातले खेडे आपल्याकडे दुसरे क्वचितच असेल. शंभराहून अधिक घरे उजेडात आली. धान्याचे कोठार, पाण्याचा पाट, कुंभाराची भट्टी, सगळे काही मिळाले. शेवटच्या हंगामात आम्ही काही विद्यार्थी तेथे होतो. रंगीत मडके माझ्या वाट्याला यावे, निदान एखादा तांब्याचा मणी तरी, अशी माझी मनोमन प्रार्थना होती. वाट्याला काय आले? हाडे. टोपल्यांनी हाडे!

प्रथम मी नाक मुरडले, हे कबूल करते. हाडे म्हणजे संपूर्ण सांगाडे नव्हेत, बरे का. बोटाएवढे तुकडे, फुटक्या नळ्या, एकेक सुटा दात. ते मऊ ब्रशाने झाडायचे, धुवायचे, सावलीत वाळवायचे, आणि प्रत्येकावर बारीक अक्षरात शाईने खड्ड्याचा व थराचा क्रमांक घालायचा. मग ओळखायचे कसे? येथेच या शास्त्राची खरी गोम आहे. हाड पुस्तकावरून ओळखता येत नाही. ते हाडावरून ओळखावे लागते. शेजारी आजच्या गाईचे, म्हशीचे, शेळीचे, हरणाचे हाड ठेवायचे आणि हातातला तुकडा फिरवून फिरवून जुळतो का पाहायचे. म्हणून प्राण्यांच्या अस्थींचा अभ्यास करणाऱ्याकडे आजच्या जनावरांच्या सांगाड्यांचा संग्रह लागतो, आणि तो कितीही मोठा असला तरी त्याला तो लहानच वाटतो. शेळी आणि मेंढी तर अशी जुळी बहिणींसारखी की भलेभले हात टेकतात, आणि वहीत सरळ 'शेळी-मेंढी' असे एकत्र लिहून मोकळे होतात.

दातांची गोष्ट मात्र मला चटकन कळली, आणि ती शिकवली मेढ्याच्या बाजाराने. बैल घेताना शेतकरी त्याचा जबडा उघडतो ते कशासाठी? आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला. दुधाचे दात पडून कायमचे किती आले, यावर वय ठरते. साधारण दोन-अडीच वर्षांना पहिली जोडी, पुढे वर्षा-सहामहिन्यांनी एकेक, आणि चार-पाच वर्षांत तोंड जुळते. त्यानंतर दात किती झिजले ते पाहायचे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या जबड्याचे वय काढण्याची रीत तीच. प्रयोगशाळेत ते समजावून सांगितले जात असताना माझ्या डोळ्यांपुढे मामा उभे होते, बैलाच्या नाकात बोटे घालून त्याचे तोंड वर करणारे.

आता हे वय कशाला हवे? जनावर कोणत्या वयात मारले, यावरून ते कशासाठी पाळले हे कळते. ऐन वाढ झाली, वजन भरले की कापले, तर ते मांसासाठी. म्हातारपणापर्यंत ठेवले, तर दुधासाठी किंवा राबवण्यासाठी. एका जबड्यावरून काही सांगता येत नाही. शेकडो जबडे मांडले की गावाचा संसार दिसू लागतो.

इनामगावच्या लोकांच्या संसारात काय दिसले? सर्व थरांत अधिकात अधिक हाडे गाईबैलांची. त्याखालोखाल शेळ्यामेंढ्या. म्हैस होती, डुक्कर होते, कुत्रा होता. नदीतले मासे, कासवे, शिंपले होते. रानातली काळवीट आणि चितळ होती. शेतात मुख्यतः सातू, जोडीला डाळी-कडधान्ये. म्हणजे आपण ज्याला चौरस आहार म्हणतो तो.

आणि गाईबैलांची ही हाडे गोठ्यात मेलेल्या जनावरांची नव्हती. त्यांच्यावर सुरीच्या घावांच्या रेघा होत्या. काही विस्तवात करपली होती. नळ्या मधोमध फोडल्या होत्या, आतला मगज काढण्यासाठी. घरांच्या अवतीभवती, राखेच्या खड्ड्यांत, मडक्यांच्या खापरांबरोबर ती पडली होती. उष्ट्या-खरकट्याच्या जागी जे सापडते ते जेवणात होते, याला दुसरा अर्थ नाही. श्री. पी. के. थॉमस यांनी इनामगावच्या प्राण्यांचे अवशेष तपासले, पुढे सीमा पावणकर यांनीही त्यांवर काम केले, आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या उत्खननाच्या जाडजूड अहवालात हे सारे नोंदलेले आहे. सांकलियांनी तर या विषयावर त्याआधीच, १९६७ साली, दिल्लीच्या 'सेमिनार' मासिकात लेख लिहिला होता. पुष्कळांना हे वाचून अवघडल्यासारखे होईल. मलाही झाले. पण पुरावा आपल्या रुचीप्रमाणे चाळायचा म्हटले, तर मग टोपलीभर हाडे धुण्याचा खटाटोप तरी कशाला करायचा?

हाडांवरून केवळ ताट कळते असे नाही. ताटाभोवतीचे रानही कळते. काळविटाला मोकळे माळरान लागते. आजही नगरकडे रेहेकुरीच्या अभयारण्यात त्याचे कळप दिसतात. चितळाला झाडी हवी आणि जवळ पाणी हवे. दोघांची हाडे एकाच गावाच्या उकिरड्यात मिळाली, म्हणजे घोडकाठी झाडी होती आणि पलीकडे माळ होता. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात लांघणज येथे सांकलियांना गेंड्याच्या खांद्याचे हाड सापडले होते; त्याचा उपयोग ऐरणीसारखा केलेला. आज जेथे रेताड टेकड्या आहेत तेथे एके काळी गेंड्याला डुंबायला पाणी आणि लपायला उंच गवत होते, हे त्या एका हाडाने सांगितले. नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली ज्या प्रसिद्ध धातुमूर्ती मिळाल्या, त्यांतही गेंडा आहे. पण मूर्ती परगावाहून येऊ शकते, कारागीर ऐकीव वर्णनावरून घडवू शकतो. खरकट्यातले हाड खोटे बोलत नाही. त्यातही कुत्र्याने ओढून नेलेले, उंदराने कुरतडलेले वेगळे काढावे लागते, ही गोष्ट निराळी!

वाचक विचारतील, एवढे सगळे शिरूरला, मग तुमच्या मेढ्याला का नाही? मीही हा प्रश्न विचारला होता. घोडेच्या खोऱ्यातली माती काळी, चुनखडीची; तिच्यात हाड टिकते. महाबळेश्वराच्या पायथ्याशी, केळघर घाटाखाली, चार महिने धो धो पाऊस कोसळणार. तो मातीतला चुना धुऊन नेतो, लाल माती आंबट होते, आणि आंबट माती हाड खाऊन टाकते. आमच्या जावळीच्या रानात हजारो वर्षांपूर्वी कोणी शिकार करून जेवला असेलही. त्याच्या दगडी हत्याराला धोका नाही, पण त्याच्या जेवणाचा पुरावा मातीने केव्हाच गिळला. म्हणून मला घाई होती. सर्जाही त्याच मातीत होता.

पण सर्जाच कशाला, मेढ्याच्या बाजारात काय हाडांचा तुटवडा होता? अडचण अशी की इनामगावच्या बैलांविषयी एक प्रश्न मला छळत होता: यांनी बैल खाल्ले हे दिसते, राबवलेही का? एका मडक्यावर कोणीतरी बैलगाडीचे ओबडधोबड चित्र कोरले होते. तरी चित्रापेक्षा हाडाची साक्ष मोलाची. जॉन बेकर आणि डॉन ब्रॉथवेल या इंग्रज अभ्यासकांचे प्राण्यांच्या प्राचीन रोगांवरचे पुस्तक १९८० साली निघाले होते. त्यात वाचले की जन्मभर ओझे ओढणाऱ्या जनावराच्या पायांत, विशेषतः नळीच्या खालच्या टोकाला आणि खुरावरच्या हाडांना, वाढ होते. कडा फुटून बाहेर येतात. पण म्हातारपणाने, अंगच्या वजनानेही असे होते. मग खूण कामाची की वयाची, हे ठरवायचे कसे? ज्याचे वय माहीत आहे, ज्याचे काम माहीत आहे, कोणत्या बाजूला जुंपला तेही माहीत आहे, असा बैल हवा. खाटकाकडून आणलेल्या पायाला चरित्र नसते. सर्जाचे चरित्र मामांना तोंडपाठ होते.

हे सगळे मी मामांना त्या दिवशी सांगितले. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "त्या लोकांनी बैल राबवला, आन् मग खाल्ला?"

"तेच तर बघायचंय, मामा. खाल्ला हे नक्की."

मामा उठून गोठ्याकडे गेले. त्या सुटीत हा विषय पुन्हा निघाला नाही. निघताना मामी मला यष्टीपर्यंत पोचवायला आली. म्हणाली, "त्यांच्या पुढं बोलू नगं आता. माती काय, आज न् उद्या खानारच हाय त्याला. म्या बगते."

मामीने काय पाहिले ते तिलाच ठाऊक. १९८४ च्या एप्रिलात मामांचे कार्ड आले. दोन ओळी: 'पाय ने. पुढचे दोन. डोक्याला हात लावायचा नाही. बेंदराच्या आत परत आण.'

डोक्याला बेंदराचा हिंगूळ लागला होता, ते त्यांनी ओवाळलेले होते. पाय मातीतच असत, तेव्हा पायांचे चालेल, असा तो हिशेब असावा. मी वाद घातला नाही. मागचे दोन पाय मागायला हवे होते, ही चुटपुट मात्र आजही आहे.

खड्डा मामांनी स्वतः उघडला. कुदळ बाजूला ठेवून शेवटी हातांनीच माती काढली. आमच्या उत्खननात इतक्या हळुवारपणे कोणी खणल्याचे मला आठवत नाही. हाडे तांबूस झाली होती, पण घट्ट होती. मामीने ती जुन्या धोतरात बांधून दिली आणि मी ते गाठोडे मांडीवर घेऊन सातारा, वाई, पुणे असा प्रवास केला. शेजारच्या बाईने गाठोड्यात काय आहे असे विचारले. मी फणस म्हटले.

पुण्याला हाडे धुतली आणि टेबलावर मांडली. डावा पाय बरा होता. उजव्या नळीचे खालचे टोक आतल्या अंगाने पसरले होते, आणि त्याखालच्या हाडाच्या वरच्या कडेला ओठ फुटावा तशी नव्या हाडाची झालर आली होती. मी मोजमापे घेतली, दोन्ही बाजूंनी चित्रे काढली. जुलैत बेंदराच्या आधी गाठोडे घेऊन परत मेढ्याला गेले.

"मामा, सर्जाच्या उजव्या पायाला त्रास होता का?"

मामांनी माझ्याकडे निरखून पाहिले. "तुला कुनी सांगितलं? तुझ्या मामीनं?"

मी धोतर सोडून हाड त्यांच्या हातात दिले आणि झालर दाखवली. त्यांनी अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. "तो उजव्या अंगाचा," ते म्हणाले. "नांगराला तासातनं त्योच चालायचा. शेवटची चार सालं थंडीत सकाळी पाय टेकायचा न्हाय. दोन फेऱ्या झाल्या की चालायचा. बिब्बा घातला, शेक दिला. मला वाटायचं, कामचुकारपना करतोय." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मला वाटायचं, कामचुकारपना करतोय."

पुढे काही बोलायचे मला सुचले नाही. आम्ही दोघांनी हाडे जागच्या जागी ठेवली. मामांनी पुन्हा मीठ घातले.

संध्याकाळी जेवणानंतर त्यांनी आपणहून इनामगावचा विषय काढला. त्या लोकांचे पुढे काय झाले, हे त्यांना हवे होते. मी सांगितले की शेवटच्या तीनशे वर्षांत, सुमारे १००० ते ७०० इसवी सनापूर्व, त्यांचे दिवस फिरले. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती आखडली, शेळ्यामेंढ्यांवर आणि शिकारीवर भर वाढला. पाऊसमान कमी झाले म्हणून, असे ढवळीकरांचे मत होते. (पुढे २०११ साली ग्वेन रॉबिन्स शग या अमेरिकन विदुषीने तेथल्या लहान मुलांच्या सांगाड्यांवर ग्रंथ लिहिला. मुलांची वाढ खुंटली होती हे तिलाही दिसले; पण सगळा दोष एकट्या पावसाच्या माथी मारता येत नाही, असे तिचे म्हणणे आहे. मामा तेव्हा नव्हते, नाहीतर त्यांना हे पटले असते की नाही कोण जाणे.) मेलेली लहान मुले दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत, घराच्याच जमिनीखाली ठेवीत, हे सांगितल्यावर मामीने पदर डोळ्यांना लावला. मोठ्या माणसांना पुरताना पावले घोट्याखाली तोडीत, हे मात्र मी सांगितले नाही. मेलेल्याने उठून जाऊ नये म्हणून तसे करीत असावेत, असा तर्क आहे. दुपारीच आम्ही सर्जाचे पाय पुरले होते.

मामा बराच वेळ विडी न ओढता तशीच धरून बसले होते. मग म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात मानखटावाकडची मानसं जनावरं घेऊन इकडं आली व्हती. वैरनीपायी. एकानं आपल्या वळचनीला बैल बांधला, आन् दोन दिसांनी येशीजवळ त्यो इकला. गिऱ्हाईक कोन ते त्याला ठावं व्हतं, मला ठावं व्हतं. पैसं घेताना त्यानं त्वांड फिरवलं व्हतं." विडी पेटवून ते म्हणाले, "तुझ्या त्या लोकांनी पन राबवला आसंल. मग खाल्ला आसंल. त्येंच्यावर काय येळ आली आसंल, त्ये हाडात दिसतं का?"

दिसते की नाही? चांगल्या दिवसांतही इनामगावकर गाईबैल खातच होते. ते केवळ उपासमारीचे खाणे नव्हते. हे मी मामांना सांगायला हवे होते. सांगितलेही, दुसऱ्या दिवशी सकाळी, धार काढताना. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "आसंल. त्येंची रीत त्येंच्यापाशी."

मी पुढे संशोधनात राहिले नाही. हायस्कुलात इतिहास शिकवण्यात आयुष्य गेले. चित्रांची ती वही माळ्यावरच्या ट्रंकेत पडून होती. १९९७ साली लास्लो बार्टोशेविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ओढकामाच्या बैलांवरचे पुस्तक बेल्जियममध्ये प्रसिद्ध झाले. काही वर्षांनी एका जुन्या वर्गमित्राने ते मला वाचायला धाडले. त्यांनीही तेच केले होते: रुमानियातल्या, प्रत्यक्ष राबलेल्या बैलांचे पाय घेतले आणि कामाच्या खुणा एकेक करून मोजल्या, कमी-जास्तीच्या पायऱ्या ठरवल्या, म्हणजे जुन्या हाडांना त्या लावून पाहता येतील. सुपारीएवढ्या गाठीपासून झालरीपर्यंत सगळ्या पायऱ्यांची छायाचित्रे त्यात होती. मी ट्रंक खाली काढली. वही उघडून दोन्ही शेजारी ठेवली. त्यांच्या पायऱ्यांत आमचा उजवा पाय बराच वर बसत होता.

चित्राखाली माझ्या तेव्हाच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिले आहे: 'सर्जा. मेढा. वय अंदाजे १७, औताला १४ वर्षे. पुढचा उजवा. तासातला.'